उसातला बिबट्या आणि ढगातला हायड्रोजन

आमच्या गावात सत्कार टाळता येत नाही. कोणी निवृत्त झालं, कोणाची बदली झाली, कोणी परदेशी जाऊन आठ दिवसांत परत आलं, की शाल, श्रीफळ आणि फेटा घेऊन सत्कार समिती दारात हजर. एकाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन यशस्वी झालं म्हणून त्याचाही सत्कार झाला होता. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला कोणी बोलावलं नव्हतं. माझा नंबर लागायला इतकी वर्षं गेली, कारण मी नेमकं काय करतो हे समितीला कळलं नव्हतं. पुढे कळलं म्हणून नंबर लागला, असंही नाही. पेपरात दोन ओळी छापून आल्या म्हणून लागला.

समितीच्या अध्यक्षांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात होतो.

"भाऊ, तुमी हायड्रोजनचा शोध लावला म्हणं!"

"मी नाही लावला. तो फार पूर्वीच लागलाय."

"असू द्या. आपल्या तालुक्यातनं तुमीच पयलं ना?"

मी सांगून पाहिलं की आमचा गट मोठा आहे, निरनिराळ्या देशांतली माणसं आहेत, आणि शोधनिबंधावरच्या नावांच्या यादीत माझं नाव शेवटून मोजलं तर लवकर सापडतं. अध्यक्ष म्हणाले, "मोठी माणसं अशीच बोलत्यात," आणि रविवार ठरवून टाकला. देवळाच्या सभामंडपात त्या दिवशी लग्न होतं, म्हणून सत्कार आमच्याच मळ्यात, घरापुढच्या खळ्यात करायचं ठरलं. सत्कारमूर्तीच्याच अंगणात सत्कार म्हणजे आपल्याच घरी आपण पाहुणे म्हणून जायचं.

आमचं घर पिंपरी पेंढारला, गावठाणापासून लांब, मळ्यात. तिथे चुलता आणि चुलती राहतात. मी त्यांना काका-काकी म्हणतो आणि दोन-तीन आठवड्यांनी एकदा जाऊन जेवून येतो. घराला लागून गोठा, गोठ्यामागे बांध, आणि बांधापलीकडे ऊस.

फोननंतरच्या शनिवारी गेलो, तर ओटीवर काकांच्या खाटेच्या जागी एक कालवड बांधलेली होती. काका पडवीत पेपर वाचत होते.

"ही इथे कशी?" मी विचारलं.

"चुलतीला इचार," काका पेपर खाली न करता म्हणाले. "मी भाडेकरू हाय हितं."

काकीचं म्हणणं असं होतं की उसात बिबट्या आहे. आमच्या भागात ही काही जगावेगळी गोष्ट नाही. ऊस वाढला की बिबट्या त्यात मुक्काम करतो. पोस्टमनसारखं त्याचं येणं-जाणं गृहीत धरलेलं असतं. पण हा विशिष्ट बिबट्या कोणी पाहिला नव्हता. काकीनंही नाही. आणि कालवड तर काकीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. तिची आई व्याल्यावर चार दिवसांत गेली होती.

"कशावरून म्हणतेस बिबट्या आहे?"

काकीनं बोटांवर मोजून सांगितलं. कुत्रं उसाच्या बाजूला जाईना, दिवसभर ट्रॅक्टरखाली बसून राहतंय. मोर नको त्या वेळेला ओरडत्यात. आणि कालवड संध्याकाळी उसाकडं एकटक बघत राहती, एकाच उंचीवर.

"एवढा हाय त्यो," काकी म्हणाली, आणि स्वतःच्या कमरेच्या खाली चार बोटांवर हात धरला.

"बघितलास का तू?"

"बघायला कशाला पायजे? कालवड बघती की."

वनरक्षक दोनदा येऊन गेला होता. तरुण, थकलेला, अतिशय नम्र मुलगा. त्याच्याकडे पिंजरे मोजके आणि फोन ढीगभर, त्यामुळे नियम साधा होता: बिबट्या कोणी तरी पाहिलेला हवा, नाही तर फोटो हवा, नाही तर ठसा हवा. "मावशी, एक ठसा दाखवा, त्याच दिवशी पिंजरा आणतो," असं त्यानं सांगितलं होतं. पण आमच्या बांधावर मुरूम. पावसाशिवाय त्याच्यावर ट्रॅक्टरचाही ठसा उमटत नाही.

अध्यक्षांचं मत स्पष्ट होतं. "वैनी, कुत्रं असंल. नायतर लई लई तर तरस." काकांचं मत त्याहून स्पष्ट होतं. पुढच्या रविवारी सत्कारानंतर पाहुणे जेवायला ओटीवर बसणार. तेव्हा ठसा सापडो वा न सापडो, रविवारपासून कालवड गोठ्यात आणि खाट ओटीवर. गोठ्याला तीन बाजूंनी भिंत होती. चौथी बाजू उसाची.

म्हणजे काकीच्या हातात आठ दिवस होते.

दुपारी ती ओसरीत वाटाणे सोलत बसली होती. मी पण बसलो. तिनं विचारलं, "तुझा ह्यो सत्कार कशाबद्दल हाय? खरं सांग. अध्यक्षाचं नको सांगू."

आमच्या भागात खगोलशास्त्र म्हटलं की लोकांना नारायणगावच्या बाजूच्या मोठ्या तबकड्या आठवतात. काकीलाही मी तिथेच काम करतो असं बरीच वर्षं वाटत होतं. मी म्हटलं, तबकड्यांना सुटा हायड्रोजन ऐकू येतो. पण थंड, काळ्या ढगांत हायड्रोजनचे अणू जोडीनं राहतात, आणि जोडीतला हायड्रोजन गप्प असतो.

"जोडी लागली की गडी गप्पच बसतो," काकी म्हणाली. पडवीतून पेपर उलटल्याचा आवाज आला.

पुढे मी सांगायला लागलो. ताऱ्यांच्या मधल्या जागेत वायूचे ढग असतात, इतके दाट की ताऱ्यांचा उजेड आत शिरत नाही. आत कमालीची थंडी. अशा ठिकाणी वायू गप्पच राहायला हवा. पण विश्वकिरण नावाचे काही कण, म्हणजे अणूंचे तुकडेच ते, प्रचंड वेगानं सगळीकडे हिंडत असतात आणि ते आत घुसतात. या ढगात किती घुसतात, हे आम्हाला मोजायचं आहे. कारण आतली सगळी उलथापालथ, पुढे तिथे तारे कसे होतात तेसुद्धा, त्यांच्यावर अवलंबून आहे. अडचण अशी की ते किरण दिसत नाहीत. आणि त्यातले जे आत खरं काम करतात ते, कमी जोराचे, आपल्यापर्यंत पोचतही नाहीत. सूर्याकडून सुटणारा वारा त्यांना वेशीबाहेरच अडवतो.

"मग कसं मोजता?"

काकीचा हात वाटाण्याच्या शेंगेवर थांबला होता. मी समोरच्या उसाकडे बघितलं आणि मला उदाहरण शोधावं लागलं नाही.

"ढग म्हणजे ऊस समज. किरण म्हणजे बिबट्या. बिबट्या दिसत नाही, पण तो उसातून गेला की पाचट वाजतं. तसा किरण गेला की हायड्रोजनची जोडी हादरते, आणि हादरली की थोडा उजेड टाकते. डोळ्याला न दिसणारा, उष्णतेसारखा. आम्ही तो उजेड आकाशातल्या दुर्बिणीतून मोजतो. किती वाजलं त्यावरून किती गेले ते काढतो."

"आधी काय करत व्हता?"

"आधी? ढगात इतर कुठले कुठले दुर्मिळ रेणू किती आहेत ते बघून, त्यावरून हे, त्यावरून ते, असं करत करत अंदाज बांधायचे."

"म्हणजे शेजारणीच्या जावंनं सांगितलं म्हणून."

"साधारण तसंच."

काकीनं एक शेंग सोलली. दाणे परातीत टाकले. मग म्हणाली, "आणि पाचट वाऱ्यानं वाजलं तर?"

आमचा निबंध छापण्याआधी ज्या परीक्षकानं तपासला, त्यानं हाच प्रश्न विचारला होता. त्याला त्यासाठी तीन पानं लागली होती, आणि उत्तर द्यायला आम्हाला कित्येक महिने. ताऱ्यांच्या उजेडानंही हायड्रोजन हादरतो. मग हादरा उजेडाचा की किरणांचा, कशावरून?

"वारा कसा, काठाचा ऊस हलवतो, आणि सगळा एकदम," मी म्हटलं. "बिबट्या मधोमध हलवतो आणि मोजकाच. तसंच आहे. उजेडानं हादरलेला हायड्रोजन पुष्कळ सुरांत बोलतो. किरणानं हादरलेला मोजक्याच. ते ठरावीक सूर दिसले आणि बाकीचे दिसले नाहीत, तर किरण."

"आणि तू काय करतोस त्यात?"

"मी जे हायड्रोजनचं नाही ते वजा करतो. दुर्बिणीचे स्वतःचे डाग, मागच्या ताऱ्यांचा उजेड, असलं."

"म्हणजे निवडतोस."

"हो. निवडतो."

"त्याला सत्कार?" काकी म्हणाली. तिच्या पुढ्यात निवडायच्या तांदळाची परातही तयार होती.

शेंगा संपल्यावर ती म्हणाली, "कुत्र्याच्या ठशाला नखं उमटत्यात. बिबट्याची नखं आत असत्यात." तिनं तांदळाची परात पुढ्यात ओढली. "म्हणजे तुझ्या सुरांसारखंच. एक दिसलं पायजे आणि एक दिसायला न्हाई पायजे."

मला हे वाक्य निबंधात घालता आलं असतं तर तीन पानं वाचली असती.

ठसा उमटवायला मऊ, सारखी, पांढरी काही तरी वस्तू हवी होती. ती नेमकी आमच्याच घरात येऊन पडली. सत्कार समितीनं सजावटीसाठी रांगोळीचं एक पोतं आणून ओसरीत ठेवलं होतं. काकीनं त्यातून चार पाट्या काढल्या आणि उसाच्या तोंडापासून गोठ्यापर्यंत बांधाच्या कडेनं एक पट्टा पसरला, हातभर रुंद. खराट्याच्या पाठीनं सपाट केला. लांबून तो चुन्यानं आखलेल्या खेळाच्या मैदानासारखा दिसत होता. मी रविवारी पुण्याला परतलो. रोज सकाळी फोनवर मला निकाल कळत असे. सोमवारी उंदीर. मंगळवारी साळुंकी, फार साळुंक्या. बुधवारी काका.

"मला काय म्हाईत," काका मागून ओरडले, "हितं सरकारी काम चाललंय म्हणून."

गुरुवारी आमचंच कुत्रं, ट्रॅक्टरखालून जरा बाहेर येऊन परत गेलेलं. काकीनं नखं मोजली. "धा उमटली," ती म्हणाली. "वजा केलं."

शनिवारी दुपारी मी गावी पोचलो, तेव्हा खळ्यात मंडप उभा होता आणि तोंडाशी फ्लेक्स लागला होता. डिंगोऱ्याच्या फ्लेक्सवाल्याला मी आमच्या ढगाचा फोटो पाठवला होता. त्याचा फोन आला होता, "सर, फाइल खराब हाय. नुसतं काळं येतंय."

"ते काळंच आहे. तो काळा ढग आहे."

"छापल्यावर शाई सांडल्यासारखं दिसंल, राव. मी करतो ॲडजस्ट."

त्यानं केलेलं ॲडजस्ट असं होतं: एक रंगीत दीर्घिका, एक अग्निबाण, एक पृथ्वी, आणि पृथ्वीपेक्षा मोठा मी, डोक्यावर संगणकानं चढवलेला गुलाबी फेटा. खाली 'ब्रह्मांडाचे गूढ उकलल्याबद्दल'. त्याखाली शुभेच्छुकांचे फोटो, गॉगल घातलेले, प्रत्येकाचं बोट फोनकडे किंवा आकाशाकडे. अध्यक्षांचा फोटो माझ्याएवढाच होता, फक्त त्यांचा फेटा खरा होता.

घात संध्याकाळी झाला. काकी दूध घालायला डेअरीवर गेली आणि मी घरात पडलो असताना बचत गटाच्या बायका रांगोळी काढायला आल्या. त्यांना मंडपाच्या बाजूनं बांधापर्यंत गेलेला एक लांब, सुंदर, सपाट, पांढरा पट्टा दिसला. कोणी तरी आधीच अस्तर घालून ठेवलंय असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याच्यावर लाल रंगात 'सुस्वागतम्' लिहिलं, दोन्ही टोकांना कमळं काढली आणि मधल्या रिकाम्या जागी, माझ्या सन्मानार्थ, अग्निबाण.

काकी परत आली. रिकामी किटली हातात घेऊन पट्ट्याच्या टोकाला उभी राहिली.

"आठ दिवस सपाट ठेवलंय मी ह्ये," ती म्हणाली.

"अहो काकू, आमाला वाटलं तुमी बेस मारून ठेवलाय," एक जण म्हणाली.

"बेसच व्हता! त्याच्यावर बिबट्यानं काढायचं व्हतं, तुमी नव्हं!"

बायका हसायला लागल्या. काकी हसली नाही. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, यंत्र बिघडलेलं नाही. वर ताजी रांगोळी पडलीये, उलट बारीक खुणा जास्त स्पष्ट उमटतील. हे मी तिला बरं वाटावं म्हणून बोललो. माझ्या कामात अशी वाक्यं अर्जात लिहावी लागतात, त्यामुळे ती सहज येतात.

सकाळी साडेसहाला तिनं मला हाक मारली नाही, बखोटं धरून उठवलं.

ठसा 'स्वा' आणि 'ग' यांच्या बरोबर मधे होता. एकच. बाकीची पावलं बहुतेक अलीकडे-पलीकडे मुरमावर पडली असावीत. पट्टा हातभर रुंद, आणि त्याला ओलांडायला एकच पाऊल लागलं होतं. मागे मोठी गादी, पुढे चार बोटं, वाटोळी. 'स्वा'चा काना किंचित फिसकटला होता. मी वाकून बघितलं, मग गुडघ्यावर बसून बघितलं. माझ्या आयुष्याची वीस वर्षं एखादी खूण खरी की खोटी हे ठरवण्यात गेलीत, आणि त्यात मी शिकलोय काय, तर लगेच आनंदी व्हायचं नाही.

"नखं?" काकीनं विचारलं.

"दिसत नाहीत."

"दिसत न्हाईत का न्हाईत?"

"काकी, हे वनरक्षकाला ठरवू दे."

वनरक्षक ओतूरच्या बाजूला दुसऱ्या एका उसावर होता. फोनवर म्हणाला, मावशी, दुपारपर्यंत येतो, ठसा हलवू नका. ठसा हलवायचा प्रश्न नव्हता. मंडपाची वाट पट्टा ओलांडूनच येत होती, म्हणजे ठशाच्या अंगावरून सगळं गावच येणार होतं. आठच्या सुमाराला अध्यक्ष आले. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "अरारा, कुत्र्यानं घाण केली. ए, केरसुणी आणा रे! पावणं यायच्या आत 'स्वा' नीट करून घ्या."

काकी घरात गेली, सिमेंटचं घमेलं घेऊन आली, ठशावर पालथं घातलं आणि त्याच्यावर बसली.

"वैनी, उठा."

"वनरक्षक आल्याशिवाय न्हाई."

"अहो, प्रमुख पावणं लोणीवरनं येत्यात! वाटंत बसता का तुमी? फोटोत काय दिसंल, घमेलं?"

"घमेलं दिसंल. मग कालवड गोठ्यात बांधायला तुमी येता का? तुमीच बसा रातभर तिच्याजवळ. कुत्रंच हाय ना?"

अध्यक्षांनी काकांकडे पाहिलं. काकांनी पेपर उघडला.

प्रमुख पाहुणे म्हणजे लोणीचे एक वयोवृद्ध शिक्षणप्रेमी. ते इतक्या कार्यक्रमांना जातात की कुठल्या कार्यक्रमाला आलोय हे त्यांना उतरल्यावर फ्लेक्स वाचून कळतं. गाडी थांबली. तुतारी वाजली. पाहुण्यांनी फ्लेक्स वाचला, मंडपाकडे पाहिलं, आणि त्यांना दिसलं की रांगोळीच्या ऐन मध्यावर, सुस्वागतमच्या पोटात, नवं लुगडं नेसलेली एक बाई ताठ बसलेली आहे आणि कोणासाठी उठत नाही. अशी बाई कोण असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका राहिली नाही. त्यांनी अध्यक्षांच्या हातातली शाल ओढून घेतली, काकीच्या खांद्यावर घातली, श्रीफळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि वाकून नमस्कार केला.

"धन्य ती माउली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

टाळ्या पडल्या. काकीनं बसल्या बसल्या श्रीफळ पदरात घेतलं. "बसा, पावणं," ती म्हणाली. "कडंनं जावा. हितं पाय नका देऊ."

पाहुण्यांना यातही काही पावित्र्य दिसलं असावं. ते चपला हातात घेऊन कडेनं गेले. मागून सगळे कार्यकर्ते चपला हातात घेऊन कडेनं गेले. समितीकडे शाल एकच होती, त्यामुळे माझा सत्कार टॉवेल-टोपीवर झाला. फेटा मात्र मिळाला, आणि तो इतका आवळून बांधला होता की पुढचं भाषण मला थोडं लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं.

भाषणात पाहुण्यांनी विश्वकिरणांपासून द्राक्षबागा वाचवण्यासाठी संशोधन व्हावं अशी अपेक्षा व्यक्त केली. मग हायड्रोजनकडे वळून, तो नुसता आकाशात ठेवून चालणार नाही, तो शिवारापर्यंत आला पाहिजे, असं सांगितलं. समोर खुर्च्या भरलेल्या होत्या. मी मान डोलवत होतो. फेट्याच्या वजनानं ती आपोआप डोलत होती. माझं सगळं लक्ष बांधाकडे होतं. ऊन वाढत होतं, वाराही सुटायला लागला होता, आणि पट्ट्याच्या टोकाचं कमळ हळूहळू उडून चाललं होतं. काकी शाल पांघरून घमेल्यावर बसलेली होती. घमेल्याखाली काय उरलंय ते तिलाही माहीत नव्हतं.

मोटारसायकल आली तेव्हा पाहुणे ज्ञानेश्वरीच्या दिशेनं निघाले होते. वनरक्षक हेल्मेट काढत काकीकडे गेला. काकी उठली. सकाळपासून पहिल्यांदा. गुडघ्याला हात लावून, सावकाश.

पुढच्या रांगेतला एक माणूस उठला. मग दुसरा. मग खुर्च्या सरकल्याचा एकच मोठा आवाज झाला आणि मंडप रिकामा झाला. मी व्यासपीठावर होतो आणि सत्कारमूर्ती होतो, पण मीही गेलो. अध्यक्ष माझ्या आधी पोचले होते.

वनरक्षकानं घमेलं दोन्ही हातांनी सरळ वर उचललं. ठसा जसाच्या तसा होता. त्यानं खिशातली काडेपेटी काढून मापासाठी शेजारी ठेवली, फोटो काढला, पट्टीनं मोजलं, मग आडवा होऊन गाल जवळजवळ रांगोळीला लावून तिरपं बघितलं. मागे लाउडस्पीकरवरून तरुण पिढीबद्दल काही तरी चाललं होतं.

"नखं न्हाईत," तो उठत म्हणाला. त्याच्या गालाला लाल रंग लागला होता. "कुत्रं न्हवं, तरसबी न्हवं. बिबट्याच. नर, पूर्ण वाढीचा."

काकीनं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "मी म्हटलंच व्हतं, काय तरी हाय म्हणून."

व्यासपीठावर पाहुण्यांना कोणी तरी जाऊन बातमी सांगितली असावी. आपण तासाभरापूर्वी हातात चपला घेऊन जिथून अनवाणी आलो, तिथून पहाटे कोण गेलं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. वेळेअभावी दोन शब्द संपवतो, असं म्हणून ते जेवायला न थांबता गेले. त्यामुळे ओटी पाहुण्यांसाठी लागली नाही, आणि त्या दिवशी तरी कालवड हलली नाही.

संध्याकाळी शब्द दिल्याप्रमाणे पिंजरा आला. त्याच्या मागच्या वेगळ्या खणात आमिष ठेवावं लागतं. ते कोणाचं, यावर काकीनं फार चर्चा होऊ दिली नाही; कुत्रं म्हणणाऱ्यानं कोंबडा द्यावा, असं ठरलं. अध्यक्षांचा कोंबडा तुरेवाला होता आणि त्यांचा लाडका होता. खणाला जाड जाळी आहे, त्याला काही होत नाही, असं वनरक्षकानं तीन वेळा सांगितलं, तरी अध्यक्ष रोज सकाळ-संध्याकाळ त्याची विचारपूस करायला यायचे. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यात कुत्रं सापडलं. तेही अध्यक्षांचंच निघालं. "बगा, म्हटलं व्हतं कुत्रं," असं ते म्हणाल्याचं काकांनी मला फोनवर सांगितलं.

पुढच्या शनिवारी मी गावी होतो. पहाटेच दार पडल्याचा आवाज आला, आणि उजाडल्यावर बघितलं तर आत बिबट्या होता. शांत, पिवळा, जरा चिडलेला. मागच्या खणात कोंबडा जाळीला पाठ लावून उभा होता. त्याला काही झालं नव्हतं. पुढे काही दिवस त्यानं बांग मात्र दिली नाही.

काकी पिंजऱ्यापासून दहा पावलांवर थांबली. तिनं त्याला पहिल्यांदाच पाहिलं. वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. मग हात कमरेच्या खाली चार बोटांवर धरला आणि बिबट्याच्या पाठीशी ताडून बघितला. बरोबर होता.

आमच्या निबंधात किरणांचा आकडा दिलाय आणि त्याच्या पुढे-मागे केवढी चूक असू शकते तेही लिहिलंय. ते किरण पिंजऱ्यात बसून आम्हाला कधी दिसणार नाहीत. काकीकडे बघून मला थोडा हेवा वाटला, हे कबूल करतो.

माणसं जमायला लागली तसा बिबट्या गुरगुरायला लागला. वनरक्षक म्हणाला, पिंजरा झाकायला काही तरी मोठं द्या, अंधार झाला की तो शांत होतो. काकांनी मंडपाच्या सांगाड्यावरून फ्लेक्स सोडवून आणला. तो अगदी मापाचा निघाला. पिकअप निघाली तेव्हा मागच्या बाजूला मी होतो, गुलाबी फेट्यात, पृथ्वीपेक्षा मोठा, आणि माझ्याभोवती गॉगल घातलेले शुभेच्छुक. आतून गुरगुर चालू होती. रस्त्यावरच्या दोन माणसांनी गाडीला हात जोडले.

दुपारी खाट ओटीवर आली. काकांनी तिच्यावर पडून दोन्ही पाय लांब केले. संध्याकाळी काकीनं कालवड गोठ्यात नेऊन बांधली, पुढ्यात ओला चारा टाकला आणि तिच्या गळ्याखाली खाजवत उभी राहिली. मीही होतो. कालवडीनं चार घास खाल्ले. मग मान वर केली आणि उसाकडे एकटक बघायला लागली.

काकीनं तिच्या मागे जाऊन, डोळा तिच्या डोळ्याच्या रेषेत आणून, वाकून पाहिलं. मग हात धरला. या वेळी गुडघ्यापाशी.

"वारा असेल," मी म्हटलं.

"वारा एवढा खाली वाहतो व्हय?" काकी म्हणाली, आणि दावं सोडलं.

रांगोळीचं पोतं अजून अर्धं होतं. आम्ही दोघं पट्टा पुन्हा सपाट करून कालवडीला घेऊन ओटीवर आलो, तेव्हा काकांनी खाट पडवीत नेलेली होती.